दारूखान्यातून गच्चीवर : जुन्या सर्चलाइटचा छंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘आपला सभासद, आपला छंद’ या सत्रात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



सेक्रेटरी साहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. मी आयुष्यभर मोटर वाइंडिंगचं काम केलं. बोलण्याची सवय नाही, पण विषय माझा आवडता आहे. तेव्हा वीसची पंचवीस झाली तर चहा थांबवून ठेवा, एवढी विनंती.

पंप रूमशेजारच्या खोलीत मी ‘भंगार’ साठवतो, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यावर तीनदा चर्चा झाली आहे. आज त्या भंगाराबद्दलच बोलायचं आहे. त्या खोलीत सात जुने सर्चलाइट आहेत. सगळे जहाजांवरचे. त्यातले चार आज रात्री लावले तर लागतील. दोघांचं काम चालू आहे. सातवा कधीच लागणार नाही, तो का ठेवलाय ते पुढे येईल.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की हे मिळतं कुठे? घाटकोपरहून कुर्ल्याला जा, हार्बरची गाडी पकडा आणि रे रोडला उतरा. पूर्वेला समुद्राच्या दिशेनं चालत गेलात की दारूखाना. नावावर जाऊ नका, इथली दारू म्हणजे तोफेची दारू. त्या काठावर पावडर बंदर, लकडी बंदर अशा धक्क्यांवर म्हातारी जहाजं भरतीच्या पाण्याबरोबर चिखलात आणून लावतात आणि ओहोटीला तोडतात. जहाज तोडलं की लोखंड एकीकडे जातं, इंजिनं दुसरीकडे, आणि दिवे, होकायंत्रं, घंटा, गोल खिडक्या असा फुटकळ माल छोट्या गाळ्यांत येतो. त्यातला दिसायला बरा असेल तो चोरबाजारात मटन स्ट्रीटला जातो. बाकीचा वजनावर.

हे ‘वजनावर’ फार महत्त्वाचं आहे. जुन्या सर्चलाइटची बॉडी पितळेची किंवा गनमेटलची असते. गाळेवाल्याच्या दृष्टीनं तो दिवा नसतो, ती वीस-पंचवीस किलो पितळ असते. त्या दिवशीच्या पितळेच्या भावानं तो हिशोब करणार. आतला आरसा, लोखंडी स्क्रू, काच हे त्याला नको असतं, कारण वितळवणारा ते वजनातून वजा करतो. म्हणून माल आला की पहिलं काम काय, तर हातोड्यानं आतलं सगळं फोडून काढायचं. मी पहिल्यांदा २००१ साली तिथे गेलो ते एका मोटरसाठी तांब्याची तार बघायला. आणि माझ्या डोळ्यांदेखत एका माणसानं असा एक आरसा फोडला. दुसऱ्या दिव्याकडे त्याचा हात गेला तेव्हा मी ‘थांबा’ म्हटलं. पितळेच्या भावावर थोडे जास्त देऊन तो दिवा टॅक्सीत घालून घरी आणला. आमच्या सौ. तेव्हा काय म्हणाल्या ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही.

आता हा दिवा असतो काय, ते थोडं समजून घेऊ. समोर शाळकरी मुलं बसली आहेत, त्यांनी पॅराबोला शिकलेला आहे. पॅराबोलाच्या आकाराचा आरसा घ्या आणि त्याच्या नाभीवर, म्हणजे फोकसवर दिवा ठेवा. सगळे किरण आरशावर आपटून एकमेकांना समांतर बाहेर पडतात. साधा बल्ब उजेड चारी दिशांना उधळतो, सर्चलाइट तोच उजेड एका बोगद्यात भरतो. सगळी करामत त्या फोकसची. बल्ब चार-पाच मिलिमीटर पुढे-मागे झाला की झोत फुटतो आणि समोरच्या भिंतीवर मधोमध काळा ठिपका असलेली मेदूवड्यासारखी चकती दिसते. म्हणून खऱ्या दिव्याच्या मागे फोकस जुळवायचा स्क्रू असतोच असतो.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातले मोठे लष्करी सर्चलाइट बल्बवर चालत नसत. त्यांत कार्बन आर्क असे. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींना टेकवायच्या, डीसी करंट सोडायचा आणि किंचित लांब करायच्या. मधल्या फटीत वीज पेटते आणि कांडीचं टोक साडेतीन हजार अंशांच्या पुढे तापतं. लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे करून दाखवलं होतं, एडिसनच्या बल्बच्या कितीतरी आधी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्पेरी कंपनीचा ६० इंची सर्चलाइट होता, म्हणजे दीड मीटर व्यासाचा आरसा. त्याला ७८ व्होल्टवर १५० अँपिअर करंट लागे आणि सोबत स्वतःचा जनरेटर गाडा असे. त्याचा झोत ८० कोटी कँडलपॉवरचा. रात्री बॉम्बफेकी विमान हुडकायचं आणि तोफवाल्यांना दाखवायचं, हे त्याचं काम. पुढे रडार आलं, विमानं वेगवान झाली आणि हे दिवे बेकार झाले. परदेशात आज काही हौशी मंडळी ते जनरेटरसकट दुरुस्त करून जत्रा-प्रदर्शनांत लावतात.

माझ्याकडे तो नाही. असता तर ठेवणार कुठे, तुमच्या पार्किंगमध्ये? पण आर्क तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही. आपल्या घाटकोपरची ओडियन आणि श्रेयस ही थिएटरं आठवतात ना? त्या काळी बहुतेक थिएटरांत प्रोजेक्टर कार्बन आर्कवरच चालत. सिनेमा मध्येच पिवळट-अंधुक व्हायचा, पब्लिक शिट्ट्या मारायचं आणि मग एकदम उजळायचा. ऑपरेटरनं झिजलेल्या कांड्या पुढे सरकवलेल्या असत. मी ज्या कारखान्यात होतो तिथे एक ज्येष्ठ सहकारी आधी प्रोजेक्टर ऑपरेटर होते. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, वेल्डिंगची काच लावायची, आणि केबिनला धूर बाहेर जायला नळी हवीच, हे धडे मला त्यांच्याकडून मिळाले.

माझे दिवे नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरचे, बल्बवाले. यातले काही शोधायचे दिवे आणि काही बोलायचे दिवे. बोलायचे म्हणजे मोर्स. अशा दिव्याच्या तोंडाशी खिडकीच्या लाकडी झडपांसारख्या पट्ट्या असतात आणि बाजूला एक दांडी. दांडी दाबली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडतात, सोडली की स्प्रिंगनं मिटतात. लांब-आखूड उघडझाप करून मजकूर पाठवायचा. मुलं विचारतात, काका, बल्बच बंद-चालू का नाही करायचा? कारण मोठ्या बल्बची तार विझायला वेळ घेते. ती लालसर धगधगत राहते आणि ठिपका कुठे संपला ते पलीकडच्याला कळत नाही. झडप मात्र एका क्षणात मिटते. वायरलेस आल्यानंतरही ही पद्धत टिकली, कारण वायरलेसचा संदेश शत्रूलाही ऐकू जातो. झोत मात्र ज्याच्याकडे रोखलाय त्यालाच नीट दिसतो. आणि आजसुद्धा आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे परदेशी जाणाऱ्या १५० टनांवरच्या जहाजावर दिवसा संदेश देता येईल असा दिवा ठेवावाच लागतो. तोही असा की जहाजाची मुख्य वीज गेली तरी चालला पाहिजे.

एक दिवा वेगळाच आहे. त्याच्या झोताला मधोमध भेग आहे. गाळेवाल्याला वाटलं आरसा बिघडलाय, म्हणून मला स्वस्तात मिळाला. तो सुएझ कालव्याचा दिवा आहे. सुएझमधून रात्री जाणाऱ्या जहाजाच्या नाकावर सर्चलाइट लागतो, १८८७ पासून तिथे रात्रीची वाहतूक अशा विजेच्या दिव्यांवर सुरू झाली. कालवा अरुंद आहे. डावा-उजवा काठ तर दिसला पाहिजे, पण समोरून येणाऱ्या जहाजाच्या पायलटचे डोळे दिपता कामा नयेत. म्हणून झोत दोन फाकांत विभागतात आणि मधे अंधाराची पट्टी सोडतात. पूर्व द्रुतगती महामार्गावर समोरून अप्पर मारत येणाऱ्या गाडीवाल्यांना हा दिवा नेऊन दाखवावा असं मला फार वाटतं.

आता दुरुस्तीबद्दल. यात मी थोडा जास्त रमेन, क्षमा करा.

दिवा घरी आला की लगेच घासायला घ्यायचा नाही. आधी आठवडाभर नुसता बघायचा. स्क्रू पाहायचे. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या दिव्यांना व्हिटवर्थ आटे असतात, आपला मिलिमीटरचा पाना त्यांना बसत नाही. जबरदस्ती केली तर डोकं गोल होतं आणि मग आयुष्यभर निघत नाही. घट्ट बसलेल्या आट्यात घासलेट सोडायचं आणि दोन-तीन दिवस वाट बघायची. मग थोडं गरम करायचं, परत घासलेट. माझा एक दिवा पहिल्यांदा उघडायला पावणेदोन महिने लागले.

आतल्या वायरी कधीही हातानं ओढायच्या नाहीत. जुन्या दिव्यांत उष्णतेमुळे वायरीवर अॅस्बेस्टॉसचं विणकाम असतं. त्याची भुकटी छातीत गेली तर काय होतं ते मी कारखान्यातल्या माणसांच्या बाबतीत पाहिलंय. ते ओलं करून, मास्क लावून, पिशवीत बंद करून काढायचं. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून पॉलिश पेपर कोरडा मारायचा नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या इमारतीतली तीन मुलं आता हे काम करायला येतात आणि त्यांच्या आया इथे बसल्या आहेत.

मग रंग. इथे माझं आणि चोरबाजाराचं पटत नाही. चोरबाजारात दिवा आला की त्याचा रंग उडवून सोन्यासारखा चकचकीत करतात, लाकडी तिपाईवर बसवतात, आतलं सगळं काढून घरगुती होल्डर आणि पिवळा एलईडी लावतात. झाला हॉटेलच्या लॉबीतला लँप. युद्धनौकेवरचा दिवा असा कधीच नव्हता. तो राखाडी होता. चकाकणारं पितळ उन्हात मैलावरून दिसतं, ते कोण ठेवेल? आणि लाकडी तिपाई डोलणाऱ्या डेकवर उभी तरी राहील का? मी राखाडी रंग ठेवतो. जिथे उडालाय तिथे खालचा जुना थर दिसतो, त्याच्याखाली आणखी एक. दर डागडुजीला खलाशांनी मारलेले हात आहेत ते. आमच्या सौ. एकदा चिंच आणि पितांबरी घेऊन खाली आल्या होत्या, भावना चांगली होती. त्यांना मी एकच पाटी घासायला दिली, तीसुद्धा कारखान्याच्या नावाची नव्हे.

नकली कसा ओळखायचा, हे ज्यांना हौसेनं घ्यायचा असेल त्यांच्यासाठी सांगतो. आधी उचलून बघा. नकली हलका असतो. मागे फोकसचा स्क्रू शोधा. आत आरशाऐवजी चकचकीत पत्र्याचं ताट असेल तर ठेवून द्या. आणि विकणारा कुठल्या जहाजाचं नाव सांगतो ते ऐका. ‘विक्रांत’ २०१४ साली दारूखान्यात तोडायला लागले, तेव्हापासून वर्ष-दोन वर्षं चोरबाजारातला प्रत्येक दिवा विक्रांतचाच होता. एवढे दिवे लावले असते तर ते जहाज दिवाळीतल्या चाळीसारखं दिसलं असतं.

विक्रांतचं नाव निघालं म्हणून सांगतो. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात तिच्या विमानांनी बंगालच्या उपसागरात चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले, ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. नंतर बरीच वर्षं ती इथे मुंबईत तरंगतं संग्रहालय होती, तुमच्यापैकी कित्येकांनी मुलांना नेलं असेल. २०१२ मध्ये ते बंद झालं आणि दोन वर्षांनी ती भंगारात गेली. तिच्या पोलादापासून एका कंपनीनं मोटरसायकल काढली, ती आपल्या पार्किंगमध्येही आहे. मी त्या दिवसांत दोनदा रे रोडला गेलो होतो. तिचा एकही स्क्रू मी आणला नाही. लांबून बघितलं, चहा प्यायलो आणि परत आलो.

सर्वात अवघड काम आरशाचं. काचेच्या आरशाचा मुलामा मागून असतो, कडेनं पाणी शिरलं की काळे डाग पसरतात. धातूचा आरसा असेल तर तांब्यावर चांदीचा किंवा निकेलचा मुलामा. साकीनाक्याच्या एका गाळ्यात एक कारागीर होते, त्यांनी माझे दोन आरसे केले. तिसऱ्या वेळी गेलो तर गाळा बंद, तिथे मोबाइल कव्हरचं गोदाम. खरादी काम करणारे आमचे एक मित्र विक्रोळीला होते, झडपांच्या पिना तेच करून द्यायचे. आता ते गावी कोकणात असतात आणि लेथ विकला गेला. ज्या एल.बी.एस. मार्गावर मी उमेदवारी केली तिथे एकामागोमाग कारखाने गेले आणि मॉल-टॉवर आले. टॉवरबद्दल तक्रार नाही, आपणही टॉवरमध्येच राहतो. पण सुट्टा भाग मिळत नाही म्हणून दिवा अडतो असं लोकांना वाटतं. तो भाग करणारा माणूस मिळत नाही, म्हणून अडतो. आमच्या सातव्या दिव्याचा आरसा तडकलेला आहे आणि त्या आकाराचा आरसा आता कोणी घडवून देत नाही. तरी त्याच्या झडपा, दांडी, स्प्रिंग सगळं अस्सल आहे. दुसऱ्या दिव्याचं काम करताना मोजमाप त्याच्यावरून घेतो. म्हणून तो आहे.

मला खूप जण सांगतात, आत एलईडी टाका, वीज वाचेल, गरम होणार नाही. खरं आहे. पण एलईडी त्या आरशाच्या फोकससाठी घडवलेला नाही, झोत पसरतो. आणि मग झडपांनाही काही अर्थ राहत नाही, कारण एलईडी विझायला वेळ लागतच नाही. आतली प्रत्येक गोष्ट ज्या कारणासाठी होती ते कारणच निघून जातं. त्यापेक्षा लँप विकत घ्यावा.

आता २६ जुलै २००५. आपल्या सोसायटीला तेव्हा पुरती सहा वर्षंही झाली नव्हती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, वीज गेलेली, आणि शीवकडून ठाण्याच्या दिशेनं महामार्गावर माणसांची रांग, कमरेपर्यंत भिजलेली, हातात चपला. आपल्या मागच्या गल्लीतून बरेच जण आत वळत होते, कारण गल्ली जवळची वाटते. आणि त्या गल्लीत, तुम्हाला माहीत आहे, तीन मॅनहोल. पाण्याच्या जोरानं दोघांची झाकणं सरकलेली. आपली मुलं बांबू घेऊन उभी होती, पण अंधारात बांबूच दिसत नव्हता.

माझ्याकडे तेव्हा दोनच दिवे होते. एक २४ व्होल्टचा, ३०० वॉटचा. ए विंगमधल्या एका सभासदांचा ट्रक पाण्यात उभा होता, त्याच्या दोन्ही बॅटऱ्या त्यांनी वाचवायला काढूनच आणल्या होत्या. त्या जिन्यानं गच्चीवर चढवल्या. साडेबारा अँपिअर करंट होता, बॅटऱ्या सहा तासांच्या आत संपणार हे उघड होतं. शिवाय झडप मिटली की झोत थांबतो, बॅटरी थांबत नाही. म्हणून दिवा गरजेपुरता लावायचा आणि मुख्य स्विचनं बंद करायचा असं ठरलं.

दिवा लावला, आणि दिव्यामागे उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसेना. पावसाचा प्रत्येक थेंब झोतात चमकतो, समोर नुसती पांढरी भिंत. इथे वाचलेलं कामाला आलं. युद्धातल्या मोठ्या सर्चलाइटला दिशा देणारा माणूस दिव्याला चिकटून उभा राहत नसे. लांब दांड्यानं किंवा दूरच्या यंत्रावरून तो झोत फिरवी, म्हणजे झोताची चमक त्याच्या डोळ्यांवर येत नसे. म्हणून मी दिव्यावर राहिलो आणि आत्ताचे आपले खजिनदार, तेव्हा कॉलेजात होते, ते गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथून त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. ते ओरडायचे, “डावीकडे, डावीकडे, बस!” आणि मी झोत मॅनहोलवर ठेवायचो. खालची मुलं बांबूनं लोकांना कडेनं काढायची. एक टोळी गेली की दिवा बंद. परत हाक आली की चालू.

सर्चलाइट म्हणजे हॅलोजन नव्हे, त्यानं गल्ली उजळत नाही. एका वेळी एकच जागा दिसते. पण ती एकच जागा दिसणं त्या रात्री पुरेसं होतं. एक बाई कडेवर मूल घेऊन थेट त्या उघड्या तोंडाकडेच चालली होती, झोत पडला आणि ती जागीच थबकली. पहाटे साडेतीनला बॅटऱ्या बसल्या. तोपर्यंत रांगही विरळ झाली होती. कोण होती ती मंडळी, आपल्याला माहीत नाही, त्यांनाही गच्चीवर कोण होतं ते माहीत नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत पंप रूमशेजारची खोली मला ‘आपत्कालीन साहित्यासाठी’ मिळाली. ठराव एकमतानं झाला. सूचक होते ते सभासद, ज्यांनी आधीच्या वर्षी ती खोली रिकामी करण्याची सूचना मांडली होती.

यानंतर रविवारी संध्याकाळी मुलं गच्चीवर यायला लागली. मोर्स शिकायला. एक नियम पहिल्या दिवसापासून आहे : झोत आकाशाकडे जाणार नाही. घाटकोपरवरून विमानं उतरायला येतात, ती किती खाली असतात ते आपण रोज बघतो. पायलटच्या डोळ्यावर झोत गेला तर तो खेळ राहत नाही, गुन्हा होतो. म्हणून आम्ही पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पाठवतो आणि समोरच्या कोपऱ्यातली मुलं वाचून लिहितात.

तिसऱ्या मजल्यावरचे काका, त्यांचं नाव घेत नाही पण जुन्या सभासदांना कळेल, नौदलात सिग्नलमन होते. सोसायटीत आठ-दहा वर्षं राहूनही कोणाला ठाऊक नव्हतं, कारण ते बोलतच नसत. एका रविवारी खालून जाताना त्यांना भिंतीवरची उघडझाप दिसली. जिना चढून वर आले, धापा टाकत म्हणाले, “तुमच्या ‘ल’मध्ये एक ठिपका कमी पडतोय.” त्यानंतर ते दर रविवारी यायचे. मनगट कसं सैल ठेवायचं, दोन शब्दांमध्ये किती थांबायचं, सगळं त्यांनी शिकवलं. आम्ही तोवर मोर्स वाचत होतो, ते मोर्स ऐकत होते असं वाटायचं.

१९७१ बद्दल मुलांनी विचारलं की ते विषय बदलायचे. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. मला ब्लॅकआउट आठवतो, खिडक्यांना लावलेले खाकी कागद, गाड्यांचे अर्धे काळे केलेले दिवे, भोंगा आणि खालून “लाइट बंद करा” अशी आरोळी. तेवढंच माझं युद्ध. त्यांचं समुद्रात होतं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता तिच्याबरोबर गेले. काका त्या जहाजावर नव्हते. पण एका वर्षी ९ डिसेंबरला, रविवार नसताना, ते गच्चीवर आले आणि दिवा लावून द्या म्हणाले. टाकीच्या भिंतीकडे तोंड करून त्यांनी सावकाश काहीतरी पाठवलं. दोन मुलं होती, त्यांनी सवयीनं लिहून घेतलं. एक नाव होतं. तेच नाव तीनदा. कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दांडीला हात पुसून ते खाली गेले. काका २०१९ मध्ये वारले. तो कागद त्या मुलांपैकी एकाकडे अजून आहे.

आता शेवटचं, कामाचं. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. दिसतं छान, पण झोताच्या कडा मला पूर्वीसारख्या जोखता येत नाहीत. फोकस जुळवायचं काम वर्षभर बी विंगमधली डिप्लोमा करणारी मुलगी करते आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बारीक करते. पाचव्या दिव्याच्या झडपा तिनं एकटीनं बसवल्या. खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडे दिली आहे, कमिटीला तसं लेखी कळवलं आहे. सातही दिव्यांची वही मी मराठीत लिहून ठेवली आहे, कुठला स्क्रू कुठल्या आट्याचा, कुठली वायर बदलली, बल्ब कुठला चालतो.

आम्हाला काही गोष्टी हव्या आहेत. कोणाच्या गावी, माळ्यावर, जुने व्हिटवर्थ पाने पडले असतील तर विकू नका, आम्हाला सांगा. लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड दोन्ही पालथे घातले, २४ व्होल्टचे मोठे बल्ब आता क्वचित मिळतात. कोणाला दिसले तर फोटो काढून पाठवा, विकत घेऊ. आणि आरशाला मुलामा देणारा कारागीर कोणाच्या माहितीत असेल, कितीही लांब असला तरी, पत्ता द्या.

आज कार्यक्रम संपल्यावर गच्चीवर सुएझचा दिवा लावणार आहोत, टाकीच्या भिंतीवर मधली काळी पट्टी बघायला मिळेल. मुलांनी सरळ दिव्यात डोकावायचं नाही. जिन्यातला चौथ्या मजल्यावरचा बल्ब गेलाय, सांभाळून या.